ओल चढताना नाही, उतरताना चित्र फुटतं

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात पणजोबांचं एक तैलचित्र आहे. लाल पगडी, खांद्यावर उपरणं, हातात काठी. ते कोणी काढलं हे घरात कुणालाच सांगता येत नाही, पण त्यांच्या डाव्या कानाची पाळी इतकी जिवंत उतरली आहे की लहानपणी मला ती हलते असं वाटायचं. चवथीच्या आधी घराची झाडलोट होते तेव्हा भिंतीवरचे सगळे फोटो, तसबिरी खाली उतरतात. एका वर्षी पाऊस फार लागला होता. चित्राच्या मागे ओल दिसली, पुढे पांढुरका थर. ओल्या फडक्याने चित्र पुसलं आणि मध्येच ऊन पडलं म्हणून राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकात, सुकत ठेवलं. दोन तासांनी उपरण्याच्या जागी रंगाचे पोपडे उभे राहिले होते आणि काही खाली फरशीवर पडले होते.

कुणीही निष्काळजीपणा केला नव्हता. उलट काळजीपोटीच हे झालं होतं. मुंबईतल्या एका चित्रसंवर्धकाकडे ते चित्र नेलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उन्हात ठेवलं होतं का?" पावसाबद्दल त्यांनी नंतर विचारलं. तेव्हापासून हा विषय मी सोडलेला नाही. गोव्यात जुनी चित्रं असलेल्या प्रत्येक घराने, देवळाने आणि चर्चने तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

तैलचित्र म्हणजे कापडावर रंग, असं आपण समजतो. खरं तर ती थरांची रचना असते. सर्वांत मागे लाकडी चौकट, तिच्यावर ताणून ठोकलेलं तागाचं किंवा सुती कापड. कापडाला जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेल्या सरसाचा हात दिलेला असतो. त्यावर खडूच्या भुकटीचं किंवा शिशाच्या सफेद्याचं अस्तर, मग जवसाच्या तेलात घोटलेले रंग आणि अखेर व्हार्निश. या प्रत्येक थराचं पाण्याशी नातं वेगळं आहे आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

सरस हवेतलं पाणी पितो आणि सोडतो. हवा कोरडी झाली की तो आकसतो, आणि आकसताना त्याची ओढ जबरदस्त असते. जुन्या चित्रात ताण धरणारा मुख्य थर पुष्कळदा हाच असतो. आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की तोच सरस मऊ पडतो, त्याची पकड सुटते. नेमकं त्याच वेळी कापड उलटं वागतं. नवा सुती सदरा पहिल्या धुण्यात आटतो, तसं घट्ट विणीचं कापड फार ओल लागली की आटतं, कारण सूत फुगून जाड होतं आणि विणीतली लांबी खाऊन टाकतं. वरचा रंग मात्र शंभर वर्षांत काचेसारखा ठिसूळ झालेला असतो. त्याला आकसताही येत नाही आणि ताणताही येत नाही. खालची जागा कमी झाली की तो तंबूसारखा वर उचलला जातो.

मग पाऊस सरतो. सरस पुन्हा सुकून ओढ घेऊ लागतो आणि रंगाच्या तुकड्यांच्या कडा वर वळतात. पाणी ओसरल्यावर शेतातला चिखल सुकतो, त्याच्या भेगा पडतात आणि प्रत्येक ढेकूळ वाटीसारखं कडांनी उचललं जातं. तसंच चित्राचं होतं. म्हणून जुलैत धडधाकट दिसणारं चित्र नोव्हेंबरात पोपडे सोडतं, आणि आपण म्हणतो, "पावसात तर काही झालं नव्हतं!" पावसात झालं होतंच, दिसलं मात्र सुकताना. आमच्या पणजोबांच्या बाबतीत हे चार महिन्यांचं काम ओल्या फडक्याने आणि उन्हाने दोन तासांत उरकलं.

लाकडी फळीवरच्या चित्राची तऱ्हा आणखी निराळी. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, पण आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. हातभर रुंदीची फळी पावसाळा ते उन्हाळा या काळात काही मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. पुढच्या बाजूला रंगाचा थर, मागची बाजू उघडी, त्यामुळे पाणी आत-बाहेर करतं ते मागूनच, आणि फळीला बाक येतो. जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची व्यक्तिचित्रं आहेत. ही परंपरा १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रू याने सुरू केली आणि सुरुवातीची चित्रं लाकडी फळ्यांवर आहेत. साडेचारशेहून अधिक पावसाळे! वेळोवेळी कुणी ना कुणी खराब झालेल्या भागावर नवा रंग चढवला, कधी अख्खा चेहराच पुन्हा रंगवला. १९५० च्या दशकात त्यांतली काही दुरुस्तीसाठी लिस्बनला नेली गेली. या दालनात गेलात तर चेहऱ्यांइतकंच फळ्यांच्या सांध्यांकडेही बघा. मला ते सांधेच जास्त बोलके वाटतात.

आता आर्द्रता या शब्दाकडे वळू. हवामानाच्या बातमीत "आर्द्रता ९० टक्के" म्हणतात तेव्हा हवेत ९० टक्के पाणी असतं असं नाही. हवा म्हणजे एक भांडं समजा. गरम हवेचं भांडं मोठं, थंड हवेचं लहान. ३० अंशाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ धरते, २४ अंशाची साधारण २२ ग्रॅम. भांडं किती टक्के भरलं आहे तो आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता. पाणी तेवढंच ठेवून हवा नुसती थंड केली तरी भांडं लहान होतं आणि टक्केवारी चढते. भांडं भरून वाहिलं की दव पडतं.

हे गणित एसीच्या खोलीत लावून बघा. जुलैतली संध्याकाळ, बाहेर २८ अंश आणि ९० टक्के, म्हणजे घनमीटरला साडेचोवीस ग्रॅम वाफ. तुमची बैठकीची खोली दिवसभर एसीने २४ अंशांवर, त्यामुळे भिंत आणि भिंतीवरचं चित्रही तेवढंच गार. तुम्ही एसी बंद करून खिडक्या उघडता. बाहेरची हवा गार चित्राला लागते, तिथे तिचं भांडं बावीस ग्रॅमचं होतं आणि उरलेलं पाणी चित्रावर बसतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तसंच. सकाळी पुन्हा एसी, पुन्हा कोरडं. पावसाळ्याच्या शंभर दिवसांत हा खेळ शंभर वेळा होतो. दिवसा एसी आणि रात्री बंद, असं वेळापत्रक असलेली खोली जुन्या चित्रासाठी मला सर्वांत वाईट वाटते, कितीही चकचकीत असली तरी. तिच्यापेक्षा पंखा चालू असलेली साधी कौलारू खोली बरी.

स्थिरतेचं हे महत्त्व लोकांना कळलं ते एका युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचवण्यासाठी लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं वेल्समधल्या मॅनॉडच्या खाणीत नेऊन ठेवली होती. डोंगराच्या पोटात विटांच्या खोल्या बांधून उष्णता आणि आर्द्रता कायम एका पातळीवर राखली. लंडनमध्ये वर्षानुवर्षं ज्या चित्रांचा रंग सुटायचा आणि सतत दुरुस्ती लागायची, ती तिथे शांत झाली. १९४५ मध्ये परत आल्यावर पुन्हा तक्रारी सुरू झाल्या. त्यानंतर संग्रहालयांनी पन्नास टक्क्यांच्या आसपासचा आकडा धरला, आणि हल्ली ४० ते ६० ही पट्टी बहुतेक ठिकाणी चालते, पण चढउतार हळू हवेत ही अट आहेच.

गोव्यातल्या घरात जुलै महिन्यात ५० टक्के राखायचे तर यंत्र रात्रंदिवस चालवावं लागेल. वीज गेली की एका रात्रीत ८५. म्हणून माझं स्पष्ट मत असं की आपण त्या आकड्याच्या मागे लागू नये. ६५ च्या आसपास टिकून राहता आलं, हवा खेळती ठेवता आली, आणि पावसानंतर आर्द्रता टप्प्याटप्प्याने उतरू दिली, तर आपल्याकडच्या चित्राला तेवढं पुरतं. ते चित्र इथेच जन्मलं, इथल्या हवेला ते बरंचसं सरावलेलं असतं.

भिजलेलं चित्र सुकवायला घाई करायची नाही याचा फार मोठा धडा फ्लॉरेन्समध्ये मिळाला. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीच्या पुरात तिथल्या चर्चमधली शेकडो फळीचित्रं बुडाली. ती उन्हात किंवा हीटरपुढे ठेवली नाहीत. आधी रंगावर पातळ जपानी कागद चिकटवून तो जागच्या जागी धरला, मग चित्रं बोबोली बागेतल्या, लिंबांची झाडं थंडीत ठेवायच्या एका इमारतीत नेली. तिथे आर्द्रता मुद्दाम नव्वदच्या वर ठेवली आणि कित्येक महिने घेऊन हळूहळू खाली आणली. पुरात बुडालेल्या चित्राला ओल्या हवेत ठेवायचं, ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आमचं राजांगण आणि त्यातलं ते ऊन आठवलं.

भिंतीवर थेट काढलेल्या चित्रांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण गोव्याची स्वतःची कला इथे आहे. कावी कला. काव म्हणजे जांभ्या मातीतला तांबडा रंग. शिंपले भाजून केलेला चुना, वाळू आणि गूळ असं मिश्रण मुरवत ठेवायचं, त्याचा गुळगुळीत गिलावा करायचा, त्यावर कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात हे काम बघायला मिळतं. चुना हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडातच अडकतो. कावीचा रंग वरून चढवलेला नसतो, तो भिंतीचाच भाग असतो. त्यामुळे दमट हवा त्याचं फारसं वाकडं करत नाही.

त्याचं वाकडं करतं ते भिंतीतून चढणारं पाणी. आपले जांभ्या दगडाचे चिरे सच्छिद्र. जमिनीतलं पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं त्यांच्यातून वर चढतं आणि सोबत मीठ आणतं. समुद्राकाठी वाऱ्यातूनही मीठ येतं. आपल्या जेवणातलंच हे मीठ. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असली की ते हवेतलं पाणी घेऊन विरघळतं, खाली आली की पुन्हा खडा धरतं. खडा धरताना त्याला जागा लागते, आणि ती जागा ते गिलाव्याच्या छिद्रांत ढकलून घेतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्यात पहाटे धुकं असतं, दुपारी कडक ऊन. आर्द्रता रोज ७५ च्या वर-खाली होते. म्हणजे रोज एकदा मीठ विरघळणार आणि एकदा खडा होणार. भिंतीला लोणा लागला असं आपण म्हणतो तो हाच. पांढरी भुकटी दिसते ती उरलेली खूण, काम आतल्या आत होऊन गेलेलं असतं.

आणि अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट मारला तर? चुन्यातून पाणी बाहेर पडू शकतं, सिमेंटमधून जवळजवळ नाही. मग ते जिथे वाट सापडेल तिथे जातं, म्हणजे बाजूच्या जुन्या चुन्याच्या भागात, म्हणजे नेमकं चित्रात. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कित्येक देवळांतली कावी अशी गेली, कधी टाइल्सखाली, कधी चकाकत्या रंगाखाली. हे लिहिताना मला खरोखर वाईट वाटतं, कारण ते पैसे भक्तांनी श्रद्धेने दिलेले असतात. देवळाच्या कमिटीत तुम्ही असाल तर एवढं एक करा. भिंतीला हात लावण्याआधी कावी ओळखणाऱ्या माणसाला बोलवा, आणि गिलावा चुन्याचाच ठेवा.

उघड्या चिऱ्यांची गोष्टही तीच. जुन्या गोव्याचं बॉम जेझू बॅसिलिका आज तांबडं दिसतं आणि आपल्याला तेच त्याचं मूळ रूप वाटतं. मुळात त्यावर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढला गेला. तेव्हापासून पाऊस थेट चिऱ्यांवर येतो. पूर्वीची माणसं मे महिन्यात भिंतींना माडाच्या चुडतांची झापं बांधायची, कशासाठी ते यावरून कळावं. भिंत कोरडी तर आतली वेदी, आतलं चित्र, आतलं लाकूड कोरडं.

बुरशीचं मात्र वेगळं आहे. तिला चढउतार लागत नाही, ओल टिकून राहिली की पुरते. ७० टक्क्यांच्या वर बराच काळ, हवा कोंडलेली, अंधार, की ती येते. ७५ टक्क्यांवर काही आठवडे लागतात, नव्वदीच्या आसपास काही दिवस. सरस, खळ, कागद, कापड हे सगळं तिचं अन्न. भिंतीला घट्ट चिकटवून टांगलेल्या चित्राच्या मागे तिला हवी तशी जागा मिळते. म्हणून चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा. बोट आरपार जाईल एवढी फट राहिली की हवा फिरते. गोव्यात पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगूच नका. आतली भिंत शोधा, पण स्वयंपाकघराची आणि न्हाणीची नको.

प्रत्येक पांढरा थर बुरशीच असतो असंही नाही. दमट हवेत व्हार्निशवर नुसती निळसर-पांढरी धूसर छटा येते. बुरशीचे ठिपके गोल, केसाळ आणि वेगवेगळ्या जागी असतात, ही छटा सलग पसरते. ओल्या फडक्याने दोन्ही बिघडतात. बुरशी असेल तर तोंडाला एन-९५ मास्क लावून चित्र आडवंच उचला, कोरड्या हवेशीर खोलीत इतर चित्रांपासून दूर ठेवा, पंखा खोलीत फिरू द्या पण चित्रावर रोखू नका. बुरशी सुकून भुकटीसारखी झाली आणि रंग कुठेही सुटलेला नसेल, तरच मऊ कुंचल्याने हलकेच झटका. फिनेल, डेटॉल, लिंबू, खोबरेल, कापलेला बटाटा यांपैकी काहीही नको. डांबराच्या गोळ्या चौकटीत घालून बुरशी मरत नाही.

आपल्या घरांत खरी तैलचित्रं थोडी, पण रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती मात्र पुष्कळ देवघरांत असते. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेल्या छापखान्यातली ती ओलिओग्राफ. तैलचित्रासारखी दिसली तरी ती कागदावर तेलकट शाईने छापून व्हार्निश केलेली छपाई आहे. तिचं ठरलेलं दुखणं म्हणजे काच. चित्र आणि काच यांच्यात फट नसते, ओल अडकते आणि चित्र काचेला चिकटतं. अशा वेळी ओढू नका. काचेसकट तसंच संवर्धकाकडे न्या. चिकटलं नसेल तर फ्रेमवाल्याकडून काच आणि चित्राच्या मध्ये जाड आम्लविरहित पुठ्ठ्याची चौकट घालून घ्या, आणि मागचा हार्डबोर्ड बदलायला सांगा. कागदाला उजेडही बाधतो. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्यांतून येतो तेवढा मंद उजेड त्याला पुरे.

सिलिका जेलच्या पुड्या लोक चित्रामागे ठेवतात. बंद पेटीत त्यांचा उपयोग आहे, उघड्या खोलीत अख्खा गोवा सुकवायला त्या कशा पुरणार? त्यापेक्षा काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या आणि चित्राजवळ ठेवा. सकाळ-संध्याकाळचा आकडा कॅलेंडरवर लिहा. महिनाभरात तुमच्या घराचा स्वभाव कळतो. आमच्याकडे कळलं की माडीवरची खोली खालच्या खोलीपेक्षा कोरडी आहे, पण तिथे कौलांच्या तापामुळे दुपारी आकडा फार घसरतो. चित्र खालीच राहिलं, फक्त भिंत बदलली.

रंगाचा पोपडा पडलाच तर टाकू नका आणि डिंकाने चिकटवू नका. चित्र रंग वर करून आडवं ठेवा, तुकडे कागदी पाकिटात घाला, कुठून पडले ते लिहा. संवर्धक सुटू पाहणाऱ्या रंगाखाली अगदी पातळ सरस सोडतात, बऱ्याचदा स्टर्जन माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेला, आणि किंचित ऊब देऊन कडा खाली बसवतात. जिथे रंग गेलाच आहे तेवढ्याच जागेवर नवा रंग भरतात, तोही पुढे कुणाला काढता येईल असा. मूळ रंगावर ते कुंचला नेत नाहीत. "नव्यासारखं करून देतो" म्हणणाऱ्याकडे चित्र देऊ नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र, वारसा जपण्याचं काम करणारी इंटॅक ही संस्था, लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा इथे विचारता येतं. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, अशा वस्तू कशा ठेवाव्यात हे तिथे डोळ्यांनी बघता येतं.

आमच्या पणजोबांच्या उपरण्यावर आता बारकाईने पाहिलं तर दुरुस्ती दिसते. संवर्धकांनी एक सवय लावून दिली, ती मी पाळते. मेच्या अखेरीस आणि डिसेंबरात खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च धरायचा, म्हणजे उचललेल्या प्रत्येक कडेची सावली पडते, आणि फोटो काढायचा. मागच्या डिसेंबरचा फोटो मेच्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. कानाच्या पाळीखाली एक बारीक भेग आहे. ती तेवढीच होती.